बिनमुळाचे दात

गुंडूआण्णा चौगुल्यांनी वर्तमानपत्राच्या कागदाची पुडी सोडली आणि आतला दात शर्वरीच्या तळहातावर ठेवला.

"धुऊन आणलाय ताई," ते म्हणाले. "काल दुपारी भाकरी खाताना निघाला. रगत न्हाई, ठणका न्हाई. जरा गुदगुल्या झाल्यागत वाटलं आन् हातात आला की वो."

चौसष्ट वर्षांचे गुंडूआण्णा इचलकरंजीच्या एका बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. क्लॅरिनेटची चोच वरच्या पुढच्या दातांवर टेकवावी लागते, आणि नेमका त्यातलाच एक ऐन लग्नसराईत गेल्यामुळे त्यांची पंचाईत झाली होती. तरी माणूस हसत होता. तीन वर्षांपूर्वी या दाताची कीड नसेपर्यंत पोचली, तेव्हा डॉक्टरांनी त्यात 'जिवंत सिमेंट' भरलं होतं. ते भरलेला दात कोणत्याही कारणाने निघाला तर मिरजेच्या संस्थेत जमा करायचा, असा नियम होता. बाकीचे लोक दात कुरियरने पाठवत. आण्णा एसटीने स्वतः घेऊन आले होते.

शर्वरी मगदूम दातांची डॉक्टर नव्हती. ती पदार्थविज्ञान शिकलेली, आणि तिचं काम तोडण्याचं. सिमेंट दाताला किती घट्ट धरतं हे कळायचं तर आधी ते चिकटवायचं आणि मग ओरबाडून काढायचं, दुसरा मार्ग नाही. त्यासाठी तिच्याकडे एक यंत्र होतं: खाली प्लॅस्टिकच्या ठोकळ्यात रोवलेला दात, वर बोथट पातं, आणि सांधा सुटेपर्यंत हळूहळू वाढणारा दाब. जुळलेलं काही दिसलं की ते यंत्र त्याच्या हात धुऊन मागे लागायचं, म्हणून प्रयोगशाळेत सगळे त्याला 'सासूबाई' म्हणत.

तिने दात भिंगाखाली धरला. तंबाखूने पिवळा पडलेला, कडा झिजलेला, चांगला थोराड दात. पण त्याला मूळ नव्हतं. मूळ तुटलंही नव्हतं. त्या जागी गुळगुळीत, उथळ खळगा होता. असा दात शर्वरीने पूर्वी पाहिला होता. लेकरं वाढवलेल्या प्रत्येक बाईने पाहिलेला असतो. सहा-सात वर्षांच्या पोराच्या तोंडातून पडलेला दुधाचा दात खालून असाच दिसतो.

"आण्णा, हा हलत होता किती दिवस?"

"आठेक दिस. जिभेनं ढकलायला मजा वाटायची," आण्णा म्हणाले आणि ओशाळले. "ह्या वयात."

ते गेल्यावर तिने दात सासूबाईंच्या हवाली केला. दाब वाढत गेला, पडद्यावरची रेघ वर वर चढली आणि दात मधोमध तडकला. सिमेंटचा सांधा मात्र जसाच्या तसा. शर्वरीने सवयीने आकडा लिहिला. इतका चांगला आकडा तिने आयुष्यात लिहिला नव्हता.

इथे थोडं शास्त्र सांगायलाच हवं. दात वरून दगडासारखा दिसला तरी आतून जिवंत असतो. मधोमध मऊ गाभा, त्यात रक्त आणि नस, भोवती डेंटिनची भिंत. कीड भिंत पोखरत गाभ्याशी आली की एक तर गाभा काढून टाकायचा, त्यालाच आपण रूट कॅनल म्हणतो, नाहीतर गाभ्यावर झाकण घालून तो वाचवायचा. झाकणाची औषधं जुनीच होती. काही चुन्याच्या जातीची. ती गाभ्याला मानवत, पण दाताला नीट धरत नसत. जी घट्ट धरत ती गाभ्याला झोंबत. आणि झाकणाखाली केसाहून बारीक फट राहिली तरी जंतूंना तो हमरस्ता झाला.

संस्थेचे प्रमुख डॉ. हेरवाडकर यांनी वेगळीच वाट काढली. चिकटवायचंच कशाला, दाताकडूनच भिंत बांधून घेऊ, असं ते म्हणत. लहान मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातात थोडा गाभा शिल्लक असतो, आणि त्यातल्या पेशी कमालीच्या तरण्या असतात. त्या वाढवायच्या, खनिजाच्या लुकणात मिसळायच्या आणि किडलेल्या दातात भरायच्या. पेशी दोन्हीकडे मुळ्या घालाव्यात तशा डेंटिन घालत जातात. महिन्याभरात सिमेंट कुठे संपलं आणि दात कुठे सुरू झाला हे सूक्ष्मदर्शकालाही सांगता येत नाही. बावीस मुलांचे दात तपासले, त्यात सातव्या मुलाच्या पेशी सगळ्यांत चिवट निघाल्या. आजवर एक्केचाळीस हजार लोकांच्या तोंडात जे सिमेंट होतं ते सगळं त्या एका मुलाच्या एका दातातून वाढवलेलं. कागदोपत्री नाव नव्हतं, फक्त आकडा होता.

शर्वरीला नाव माहीत होतं. ऋजुता अभिनंदन मगदूम, वय वर्षं सात.

शर्वरीच्या खऱ्या सासूबाईंच्या घरची रीत अशी की दात शेणाच्या गोळ्यात घालायचा आणि कौलावर फेकायचा. ऋजू दात मुठीत धरून अंगणात जायला निघाली होती. शर्वरीने तिला थांबवलं, दात पोषकद्रवाच्या बाटलीत टाकला आणि कामावर घेऊन गेली. "मग माझा नवा दात कसा येणार?" ऋजूने विचारलं होतं. "येतो गं आपोआप," शर्वरी म्हणाली होती. पाच आठवड्यांनी मेंदूज्वराच्या तापात तीन दिवसांत पोर गेली. वरच्या ओळीतली ती फट तशीच राहिली.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. घरात ऋजूचं नाव कुणी घेत नसे. शर्वरी मात्र रोज सकाळी प्रयोगशाळेत गेली की पहिल्यांदा ऊबपेटीकडे जायची. सदतीस अंशांवर, काचेच्या तळाशी, पेशींचा धुकट थर असायचा. आपल्या लेकीचं जगाच्या पाठीवर जिवंत असलेलं एवढंच. ती झाकण उघडत नसे, बोलत नसे. फक्त थोडा वेळ उभी राहायची आणि मग कामाला लागायची.

मार्चच्या पहिल्या तीन आठवड्यांत संस्थेत दोनशे बारा दात आले. लातूरहून, नाशिकहून, बेळगावहून. सगळे बिनमुळाचे, सगळे न दुखता पडलेले. यातला विचित्रपणा शर्वरीला तारखा मांडल्यावर कळला. कुणाच्या दातात सिमेंट तीन वर्षांपूर्वी भरलं होतं, कुणाच्या पाच महिन्यांपूर्वी. पडले मात्र सगळे त्याच तीन आठवड्यांत.

दोन दिवस तिने डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी ऊबपेटीवरचा आकडा बघताना तिचं कोडं सुटलं. पेटीतही सदतीस अंश, माणसाच्या तोंडातही सदतीस अंश. पेशींचं वय दातात भरल्यापासून मोजायचं नव्हतंच. बाटलीत असोत की गुंडूआण्णांच्या जबड्यात, त्या सगळ्या एकाच वयाच्या होत्या, आणि एकाच वेळी त्यांची एका कामाची घटका भरली होती. मोठ्यांच्या दाताला जे काम येत नाही आणि दुधाच्या दाताला तेवढंच पक्कं येतं, ते काम. आपलं मूळ विरघळवायचं आणि खालून येणाऱ्याला वाट करून द्यायची. सिमेंट इतकं छान एकजीव झालं होतं की थोराड माणसांचे दात स्वतःला दुधाचे समजू लागले होते.

मग तिला ते अकरा नमुने आठवले. सिमेंटला परवानगी मिळण्याआधी तिने साठ दात सिमेंट भरून पोषकद्रवात ठेवले होते. वेळ वाचावा म्हणून पेशींना भरपूर खुराक, म्हणजे एका वर्षात चार वर्षांचं वय. शेवटी एकेक दात सासूबाईंखाली गेला. त्यातले अकरा सांधा सुटण्याआधीच ठोकळ्यातून निसटून वर आले. चाचणीचा नियम असा की सांधा तुटला तरच नमुना धरायचा. ठोकळ्याची पकड सुटली तर तो बाद. जगात सगळ्या प्रयोगशाळा असंच करतात. तिने जुनं रजिस्टर काढलं. तिच्याच वळणदार अक्षरात अकरा वेळा लिहिलेलं होतं: पकड सैल, नमुना बाद. त्या दातांची मुळं आखूड होती, हे तेव्हाही तिला दिसलं होतं. सांधा किती घट्ट आहे हे डोळ्यांत तेल घालून बघणाऱ्या माणसांनी दात कशाला धरून आहे हे बघितलंच नव्हतं. तिला स्वतःची भयंकर लाज वाटली.

ती रजिस्टर घेऊन डॉ. हेरवाडकरांकडे गेली. त्यांनी पानं उलटली, चष्मा काढला.

"हे कुणी मागितलंय का?"

"नाही सर. पण कळवायला हवं."

"कळवू. पण काय कळवायचं ते तरी कळू दे. घाईने लोक घाबरतात, शर्वरी. थोडं थांबा."

ती थांबली. तिच्या थांबण्यात नुसता सरांचा धाक नव्हता. कळवलं की पहिला हुकूम काय येणार हे तिला ठाऊक होतं: पेशी नष्ट करा.

एप्रिलच्या शेवटी गुंडूआण्णा परत आले. या वेळी बरोबर सून होती, सुरेखा. आण्णांनी खुर्चीत बसता बसता ओठ वर केला. पडलेल्या दाताच्या जागी नवा दात आला होता. पांढराशुभ्र, इवलासा, टोकाकडे निमुळता होत गेलेला, खुंटीसारखा.

डॉ. हेरवाडकर लहान मुलासारखे टाळ्या वाजवायचे बाकी राहिले. "तिसरे दात!" ते म्हणाले. "दुधाचे, पक्के आणि आता तिसरे! उद्या कवळी ही वस्तू संग्रहालयात बघायला जावं लागेल."

शर्वरी त्या टोकाकडे बघत राहिली. तसं टोक तिने पूर्वी पाहिलं होतं. आण्णांना क्ष-किरणाच्या खोलीत नेलं, तशी सुरेखा तिच्याजवळ सरकली.

"मॅडम, एक बोलू? हसणार न्हाई न्हवं?"

"बोला ना."

"मामा हसले की दुसरंच कोणतरी हसल्यागत वाटतंय. तोंड त्यांचंच, पण हसू त्यांचं न्हाई. नातवंडं आता त्यांच्या मांडीवर बसंनात. मी म्हटलं, काय खुळ्यागत करता? पण मलाबी ताट वाढताना वर बघू वाटंना झालंय."

त्या दिवशी शर्वरी लवकर घरी गेली. कपाटाच्या वरच्या खणात ऋजूचा एक क्ष-किरण फोटो होता. झोपाळ्यावरून पडली तेव्हा, सहाव्या वर्षी काढलेला. लहान मुलाच्या जबड्याचा क्ष-किरण ज्याने पाहिला नाही त्याला सांगून खरं वाटणार नाही: दुधाच्या दातांच्या मुळाशी पक्क्या दातांची दुसरी रांग हाडात दाटीवाटीने उभी असते, आपल्या पाळीची वाट बघत. त्या रांगेत समोरच्या दोन दातांना लागून एक दात खुंटीसारखा होता. तो अभिनंदनच्या घराण्याचा. त्यालाही तसाच होता, त्याच्या वडिलांनाही होता. डॉक्टरांनी दाखवल्यावर ऋजू रडली होती, मला बाबासारखा टोकदार दात नको म्हणून.

शर्वरीने तो फोटो खिडकीच्या काचेवर धरला आणि त्यावर आण्णांचा त्या दिवशीचा फोटो धरला. टोक टोकावर बसलं. डाव्या कडेचा बारीक बाकही बाकावर बसला. ती रडली, पण ते रडणं दुःखाचं की आनंदाचं हे तिचं तिलाच कळलं नाही.

मगदुमांकडे सूर्य मावळायच्या आत जेवण व्हायचं. अभिनंदन बेदाण्याच्या शीतगृहात मॅनेजर होता. तो सहाला आला, हातपाय धुतले आणि पानावर बसला. शर्वरीने त्याला सगळं सांगितलं, दोन्ही फोटो पुढे ठेवले. त्याचा घास हातातच राहिला.

"कुठे राहतात हे आण्णा?" त्याने विचारलं.

रविवारी तो इचलकरंजीला गेला. परत आला तेव्हा नऊ वर्षांत न पाहिलेली चमक त्याच्या चेहऱ्यावर होती.

"एका वरातीत वाजवत होते. नवा दात आल्यापासून सूर जरा फाटतो म्हणाले. मी तासभर मागे मागे चाललो. मग चहा पाजला, एक विनोद सांगितला. ते हसले, शर्वरी." तो अजून दारातच उभा होता. "तिचं हसू आहे ते. मोठी झाली असती तर असंच हसली असती. आपण पाहिलंच नव्हतं ना ते कधी."

त्यानंतर तो दर रविवारी जाऊ लागला. आणि घरी ऋजूबद्दल बोलू लागला. तिला कारल्याची भाजी कशी आवडायची, ती 'क्ष' कसा काढायची, शाळेच्या रिक्षात तिने कुणाला चापट मारली होती. शर्वरी जेवायचं विसरून ऐकत राहायची. नऊ वर्षं या घरात दोन माणसं एकमेकांना जपून, न बोलता वावरली होती. आता घरात बोलणं होतं. रजिस्टर तिच्या टेबलाच्या खणात पडून होतं, आणि रोज ती स्वतःला म्हणायची, उद्या.

जूनमध्ये फेरतपासणीसाठी चाळीस जणांना एकाच दिवशी बोलावलं. क्ष-किरण फोटो सकाळीच झाले, आणि शर्वरी ते एकेक करून पडद्यावर बघत गेली. गोष्ट एका दातावर थांबली नव्हती. ज्या शेजारच्या दातांना सिमेंटचा कणही लागला नव्हता, त्यांचीही मुळं आखूड होत होती. पेशी हिरडीतून पुढे सरकल्या होत्या, तिथल्या पेशींना हाताशी धरून कामाला लावत होत्या. प्रत्येक जबड्यात खाली नवी रांग उभी राहिली होती. एका तिशीच्या बाईच्या, एका निवृत्त तलाठ्याच्या, एका नर्सच्या. रांग मात्र एकच होती. तीच दाटी, तीच खुंटी. एका सात वर्षांच्या मुलीला बसतील असे दात, प्रौढ माणसांच्या जबड्यात. जबड्याचं हाड त्यांना जागा जुळवून देण्यासाठी आत वळू लागलं होतं. त्या तिशीच्या बाईचे वरचे आणि खालचे दात एकमेकांवर टेकत नव्हते. चार आठवडे ती पेजेवर होती.

शर्वरी फाइल घेऊन बाहेरच्या दालनात आली. चाळीस माणसं खुर्च्यांवर बसली होती. दुपारचे बारा वाजले होते, खिडक्यांतून लख्ख ऊन आत आलं होतं, कुणी डबा उघडला होता, कुणी घोरत होतं. मधल्या रांगेत गुंडूआण्णा शेजारच्या तलाठ्यांना कुठल्यातरी नवरदेवाची गोष्ट सांगत होते. घोड्यावर बसायला घाबरलेला नवरदेव शेवटी बँडच्या ढकलगाडीवर बसून मांडवात गेला, अशी काहीशी. आण्णांनी शेवटचं वाक्य जरा मोठ्याने म्हटलं आणि सगळं दालन हसलं.

आणि शर्वरी जागच्या जागी थिजली.

चाळीस तोंडं उघडली होती. मिशीखाली, लिपस्टिकखाली, सुरकुत्यांमध्ये, एकाच बाजूला, ओठ एकाच तऱ्हेने दुमडून, एकच लहानसा टोकदार दात. ओठ त्या दाताला सांभाळून मुडपायला शिकले होते, म्हणून हसणंही एकच झालं होतं. डाव्या गालावर किंचित जास्त, उजवीकडे किंचित लाजरं. तलाठ्यांनी हसता हसता आण्णांकडे पाहिलं, आण्णांनी नर्सकडे पाहिलं, आणि हळूहळू एकेकाचं हसू मावळलं. त्यांनीही ते पाहिलं होतं. तिशीच्या बाईने पदर तोंडावर घेतला. मग आणखी एकीने घेतला. पुरुषांनी नुसती तोंडं मिटली आणि जमिनीकडे बघत बसले.

मागे दाराशी डॉ. हेरवाडकर उभे होते. "अद्भुत आहे," ते हळूच म्हणाले.

शर्वरीला ऋजू आठवली. ऋजू हसायची तेव्हा खोलीत दुसरं कुणी तसं हसत नसे. तेवढ्यासाठीच तर तिला पुन्हा पुन्हा हसवावंसं वाटायचं. समोर बसलेल्या माणसांत ऋजू कुठेच नव्हती. होती ती भेदरलेली माणसं. आपलं हसू हरवलेली, आणि कारण न समजलेली. आणि हे तिच्यामुळे झालं होतं. अकरा वेळा लिहिलेल्या चार शब्दांमुळे, आणि त्यानंतर रोजच्या 'उद्या'मुळे.

तिने त्याच दुपारी अहवाल लिहिला. रजिस्टरची पानं जोडली, चूक माझी आहे असं सरळ शब्दांत लिहिलं, खाली सही केली आणि औषध नियंत्रकांना पाठवून दिला. मग डॉ. हेरवाडकरांना जाऊन सांगितलं.

"तुम्हाला कळतंय ना, तुम्ही काय पुसून टाकताय?" त्यांनी विचारलं. त्यांना फक्त सिमेंट म्हणायचं होतं. क्रमांक सात कोण होतं हे त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

"कळतंय सर," ती म्हणाली.

हुकूम चार दिवसांत आला. संस्थेने साठवलेल्या सगळ्या पेशी नष्ट कराव्यात. सर्व रुग्णांना दहा दिवसांत बोलवावं, पेशी मारणारं इंजेक्शन हिरडीत द्यावं, नवे दात आणि खालची रांग काढून टाकावी. पुढचं शर्वरीनेच केलं, दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. तिने ऊबपेटीचा आकडा सदतीसवरून साठवर नेला आणि खुर्ची ओढून शेजारी बसली. तासाभराने काचेच्या तळाशी धुकट थर सुटा होऊन तरंगायला लागला. दोन साक्षीदारांनी सह्या केल्या. तिनेही केली.

सगळ्या दवाखान्यांकडून आलेली रुग्णांची यादी तिने घरीच तपासायला आणली. अभिनंदन शीतगृहातून आला तेव्हा साडेपाच झाले होते. तिने त्याला अहवालाचं पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. तेव्हापासून तो तिच्याशी अवाक्षर बोलला नव्हता. आज तो पानावर बसला, भाकरी आमटीत कुस्करली आणि बराच वेळ ती मऊ होण्याची वाट बघत राहिला. मग एकाच बाजूने, हळूहळू चावू लागला.

शर्वरी बघत राहिली. चार दिवस नव्हे, कितीतरी दिवस तो असाच जेवत होता. ती अहवालाच्या नादात होती.

"अभी," ती म्हणाली. "आ कर."

त्याने मान हलवली.

"आ कर म्हणते ना."

त्याने घास गिळला. "सांगलीच्या एका डॉक्टरांनी दिलं भरून. मेच्या सुरुवातीला, मी पहिल्यांदा इचलकरंजीहून आलो त्या आठवड्यात. कीड नव्हती फारशी. मीच मागे लागलो, नोंद करू नका म्हणून हातापाया पडलो." तो खाली बघत होता. "तुझ्या यादीत माझं नाव नाही. कुणाला कळणार नाही शर्वरी. चाळीस हजार लोकांचं काढा, माझी ना नाही. मला एकट्याला ठेवू दे. मी बाहेर हसणार नाही. इथे घरात, फक्त आपल्या दोघांत."

"जबडा वळेल तुझा. सगळे दात पडतील."

"पडू देत."

"तुला खाता येणार नाही. पुढे काय होईल ते आम्हालाही माहीत नाही."

"ती एवढीशी फट घेऊन गेली गं," तो म्हणाला आणि त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "एक दात तरी येऊ दे तिचा."

शर्वरी उठली. तिला त्याला घट्ट धरून ठेवावंसं वाटत होतं आणि त्याला गदागदा हलवावंसंही वाटत होतं. यातलं काहीच तिने केलं नाही. तिने टेबलावरची यादी उघडली, सगळ्यांत शेवटच्या नावाखाली गेली आणि टाइप केलं: अभिनंदन सुकुमार मगदूम, मिरज. भेटीची वेळ भरली. यादी पाठवून दिली. पाठवल्याचा बारीक आवाज झाला, तो त्यालाही ऐकू गेला.

मग ती त्याच्या समोर येऊन बसली. बाहेर अजून उजेड होता. तिने त्याची हनुवटी हातात धरली आणि चेहरा खिडकीकडे वळवला. या वेळी त्याने तोंड उघडलं. डावीकडची एक दाढ पडून गेली होती, आणि त्या मोकळ्या जागी, गुलाबी हिरडीतून, टोकदार पांढरा कोंब वर आला होता.

"सकाळी दहाची वेळ दिलीय तुला," शर्वरी म्हणाली. "तोवर मिटू नकोस. बघू दे मला."